गर्भपात : सही कुणाची लागते, गोळ्या की क्युरेटिंग, आणि तुमचं मत काय

मुलुंडची_मैना
नमस्कार मंडळी. एरवी फक्त पाककृतींच्या धाग्यांवर हजेरी असते, आज विषय वेगळा आहे.

माझ्या वहिनीला दोन मुलं आहेत, धाकटं अजून बालवाडीत. पाळी चुकली, सोनोग्राफीत साडेसहा आठवडे सांगितले. दादा बोटीवर असतो, सध्या भर समुद्रात. व्हॉट्सॲपवर दोघांचं बोलणं झालंय, तिसरं दोघांनाही नकोय. इथपर्यंत सगळं सरळ. पण घराजवळच्या नर्सिंग होममध्ये गेलो तर डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आधीच काउंटरवर ऐकवलं, "नवऱ्याची सही लागेल. नसेल तर सासूला घेऊन या." सासू म्हणजे माझी आई! आईला कळलं तर घरात पारायण बसेल.

तर विचारायचंय की नवऱ्याची सही खरंच लागते का? गोळ्या बऱ्या की क्युरेटिंग, आणि त्यात नेमकं करतात काय? नेटवर वाचलं की घाबरायलाच होतं. तुमची मतंही लिहा, पटो न पटो. फक्त वहिनीला शिव्या नकोत, ती हा धागा वाचणार आहे.

लोअर_परळ_लोफर
पॉपकॉर्न आणत नाही, विषय तसा नाही. वाचतोय.

काळा_कोट
सही लागत नाही. विषय संपला.

आता जरा सविस्तर. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात कलम ३(४) आहे. बाई १८ वर्षांच्या वरची असेल तर संमती फक्त तिची. अल्पवयीन किंवा मानसिक आजारी असेल तरच पालकाची. त्यासाठी 'फॉर्म सी' असतो, तो तिने भरायचा. नवरा, सासू, नणंद (मैना, तुम्हीपण!) कुणाचाही संबंध नाही.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. गर्भनिरोधक फसलं हे कारण कायद्यात लिहिलेलंच आहे. आधी त्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असं होतं, २०२१ च्या दुरुस्तीत 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' झालं. तिचं नाव कुणाला सांगणंही डॉक्टरला गुन्हा आहे. रजिस्टर गोपनीय ठेवावं लागतं.

हॉस्पिटलं तरी सही मागतात, कारण उद्या नवरा दांडगाई करत आला तर दाखवायला कागद हवा. बायकोच्या हक्काशी त्याचं देणंघेणं नाही.

दादरची_सून
@काळा_कोट, कागदावर बरोबर आहे हो. काउंटरवर उभं राहून कलम ३(४) म्हणून बघा. मी म्हटलं होतं. "मॅडम, मग तुम्ही कोर्टात करून घ्या" असं उत्तर मिळालं. मागे चार बायका रांगेत, सगळ्यांना ऐकू गेलं. शेवटी नवरा ऑफिस सोडून आला आणि सही करून परत गेला. फॉर्म काय होता हे त्याने वाचलंही नाही.

कांदाबटाटा
@दादरची_सून, वाचला नाही तेच बरं. आमच्याकडे गॅस सिलिंडरच्या पावतीवरसुद्धा चर्चा होते.

डॉक्टरीण_बाई
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मुंबईतच, कुठे ते सांगणार नाही. मैना, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. डोस मुद्दाम लिहीत नाही, कुणी इथे वाचून घेऊ नये म्हणून.

आधी आठवड्यांचा हिशोब, कारण गोंधळ तिथेच होतो. आठवडे संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच साधारण ४ आठवडे झालेले असतात. साडेसहा म्हणजे लवकर आलात.

गोळ्या : आपल्याकडे ९ आठवड्यांपर्यंत. पहिली मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम ती अडवते. दीड-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टोल, तिने पिशवी आकुंचन पावते आणि सगळं बाहेर पडतं. दुसऱ्या गोळीनंतर काही तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो. नेहमीच्या पाळीपेक्षा बराच जास्त, गाठी पडतात. थंडी वाजते, जुलाब होतात, मळमळतं. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून रात्री दोन वाजता कॅज्युअल्टी गाठते. मुख्य भाग एका दिवसात उरकतो, थोडं थोडं जाणं एक-दोन आठवडे चालतं. १०० पैकी ९५ हून जास्त जणींचं काम गोळ्यांनीच होतं. बाकीच्यांची पिशवी नंतर साफ करावी लागते. म्हणून दोन आठवड्यांनी परत दाखवायला यायचं म्हणजे यायचं.

व्हॅक्युम : लोक ज्याला अजून क्युरेटिंग म्हणतात ते. १२ आठवड्यांपर्यंत. पिशवीच्या तोंडाशी भूल देतात किंवा थोडा वेळ झोपवतात. तोंड जरा उघडून प्लास्टिकची बारीक नळी आत घालतात आणि सिरिंजच्या किंवा मशीनच्या ओढीने पिशवी रिकामी करतात. दहा-पंधरा मिनिटं. निघालेलं तपासून पाहतात. दुपारी घरी. पाळीसारखं दुखतं, पण जे होतं ते तिथेच संपतं. लोखंडी चमच्याने खरवडणं म्हणजे खरं क्युरेटिंग. जागतिक आरोग्य संघटना ते करू नका असं कधीपासून सांगतेय, तरी काही ठिकाणी चालू आहे. विचारा, "व्हॅक्युमने करता ना?" संकोच करू नका.

गोळ्या कुणाला नको : गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत राहिला असेल (गोळीने तो जात नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं), रक्त फारच कमी असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, किंवा तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर ताबडतोब हॉस्पिटल.

पुढे मूल राहात नाही ही भीती सगळ्यांना असते. नीट जागी, नीट हातांनी झालं तर तसं होत नाही.

मुलुंडची_मैना
@डॉक्टरीण_बाई खूप आभार. वहिनी विचारतेय, घरात दोन मुलं नाचत असताना गोळ्या जमतील का?

डॉक्टरीण_बाई
दुसऱ्या गोळीचा दिवस रविवार धरा आणि आत्याबाईंनी मुलांना राणीच्या बागेत न्यावं.

लोअर_परळ_लोफर
पपई आणि तीळगुळाचं काय? आमच्या चाळीतल्या मावशी खात्रीने सांगायच्या.

डॉक्टरीण_बाई
@लोफर, पपई खाऊन पोट साफ होईल, पिशवी नाही. पण त्या मावशींच्याच काळात काड्या, मुळ्या घालून घेतलेल्या बायका सेप्टिक होऊन वॉर्डात यायच्या. आमचे सर सांगायचे तेव्हा अंगावर काटा यायचा.

पापडी_वसई
मत मागितलंय म्हणून लिहितो. मी वसईचा ख्रिस्ती. आम्ही मानतो की गर्भ राहिला तिथपासून जीव आहे, आणि तो घेण्याचा हक्क आईला नाही, बापाला नाही, डॉक्टरलाही नाही. मैनाच्या वहिनीला दोष देत नाही, त्यांची अडचण त्यांना ठाऊक. पण वरचं सगळं वाचताना एक खटकलं. सही कुणाची, नळी कसली, पॅड किती, सगळं आलं. जो जातो त्याच्याबद्दल एक ओळ नाही. आमचंही तिसरं न ठरवता झालं. पगार तोच, घर तेच. ओढाताण झाली, अजून होते. तरी वाट बंदच ठेवली होती, ते बरं वाटतं.

दादरची_सून
@पापडी_वसई, वाट तुम्ही बंद ठेवली, ठीक. पण ओढाताणीतली रात्रीची जागरणं किती कुणी केली, ते बायकोला इथे येऊन लिहायला सांगा.

पापडी_वसई
सांगितलं. ती म्हणाली, "मला वेळ कुठाय?" तुमचा मुद्दा पोचला. माझा बदलला नाही.

बेळगावकर
सविता हलप्पनवार आठवते का कुणाला? आमच्या बेळगावची पोर, आयर्लंडमध्ये दाताची डॉक्टर होती. २०१२ मध्ये १७ आठवड्यांची असताना गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना स्पष्ट दिसत होतं. तिने गर्भपात मागितला, पण ठोके चालू आहेत म्हणून केला नाही. जंतुसंसर्गाने गेली. वाट बंद ठेवण्याचा कायदा झाला की असं होतं. २०१८ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी तो बदलला.

पापडी_वसई
ते चूकच झालं. आईचा जीव जात असताना हातावर हात धरून बसा असं माझं म्हणणं नाही.

सनातन_साठे
ख्रिस्त्यांचं राहू द्या, आपल्याही धर्मशास्त्रात गर्भपात महापातकच आहे. पूर्वी बायका दहा-दहा मुलं आनंदाने वाढवत.

गिरगावातली_जुनी
@सनातन_साठे, दहा जन्माला यायची, त्यातली वाढायची किती? माझ्या आजीला विचारायला हवं होतं तुम्ही.

आणि शास्त्राचं म्हणाल तर विधवेला दिवस गेले की काय व्हायचं ते पुण्याला ठाऊक आहे. म्हणून १८६३ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंना बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं.

सनातन_साठे
ताई, तेच म्हणतो! फुल्यांनी मुलं वाचवली, पाडली नाहीत. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत त्यातलाच.

लोअर_परळ_लोफर
साठेकाकांनी फुल्यांचा दाखला दिला. आजची तारीख लिहून ठेवा.

गिरगावातली_जुनी
मुद्दा चांगला काढलात, मान्य करते. पण तेव्हा दुसरा रस्ताच कुठे होता? १८६० च्या दंडविधानात गर्भपात गुन्हा होता, करवून घेणाऱ्या बाईलासुद्धा शिक्षा. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं. निरोधाबद्दल बोलण्याची ही किंमत, गर्भपात तर लांबच. कायदा यायला १९७१ उजाडलं, तोही शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर. शहा तेव्हा आपल्या राज्याचे आरोग्यमंत्री होते. त्यात लोकसंख्येची काळजी किती आणि बाईची किती, हा भाग निराळा.

भारतमाता_सिग्नल
मला एक कळत नाही. सगळीकडे 'मुलगी वाचवा' म्हणून बोंब आणि इथे गर्भपात कसा करावा याची शिकवणी? सोनोग्राफी सेंटरबाहेर बोर्ड असतो, गुन्हा आहे म्हणून. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

काळा_कोट
बोर्डावर गर्भलिंगनिदान गुन्हा आहे असं लिहिलंय. गर्भपात नव्हे. पूर्ण वाचा.

गिरगावातली_जुनी
@भारतमाता_सिग्नल, रागावत नाही, कारण हा गोंधळ तुमच्या एकट्याचा नाही. आणि थोडाफार आमच्या चळवळीच्या यशातूनच आलाय.

ऐंशीच्या दशकात आम्ही काही जणी लिंगनिदानाविरुद्ध उभ्या होतो. लोकलच्या डब्यात तेव्हा गर्भपाताच्या जाहिराती चिकटवलेल्या असायच्या, ते चालायचं. चीड येत होती ती लिंगनिदानाच्या जाहिरातींची. आत्ता तपासणीला थोडे पैसे घाला, पुढे हुंड्याचे लाख वाचवा, असा त्यांचा सूर. निदर्शनं, पत्रकं, खूप काही झालं. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा १९९४ चा.

आमच्यात तेव्हाच वाद व्हायचे. एक बाजू म्हणायची, मुलगी म्हणून पाडायला बंदी मागतोय, उद्या हेच आपल्या अंगावर उलटेल. दुसरी म्हणायची, डोळ्यांदेखत मुली संपतायत आणि तू उद्याचं काय सांगतेस? दोन्ही बाजूंना मैत्रिणी होत्या. मी दुसऱ्या बाजूला होते, आजही असेन. पण पहिलीचं भाकीत खरं ठरलं. २०१२ ला परळीचं लिंगनिदान करून गर्भपाताचं प्रकरण झालं, २०१७ ला म्हैसाळच्या ओढ्यात १९ भ्रूण सापडले. दर वेळी धाडी पडल्या त्या लिंगनिदानाच्या मशीनवर कमी आणि गर्भपाताच्या गोळ्यांवर जास्त. गंमत म्हणजे या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच्या. तेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही! पण औषधवाल्याने कटकट नको म्हणून गोळ्या ठेवणंच सोडलं. आता प्रिस्क्रिप्शन घेऊन पार्ल्यापासून फोर्टपर्यंत हिंडा.

डॉक्टरीण_बाई
+१. आम्ही म्हणून क्लिनिकमधूनच देतो. जिला हे माहीत नाही ती कुणाकडून तरी काळ्या बाजारात घेते, किती आठवडे झालेत ते न बघता. २०१५ सालचा एक अंदाज लॅन्सेटच्या नियतकालिकात आला होता. देशात वर्षाला १ कोटी ५६ लाख गर्भपात, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन. रोज ओपीडीत बसल्यावर हा आकडा फुगवलेला वाटत नाही.

सायन_कोळीवाडा
थोडं वेगळं. माझ्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. ३१ वर्षांचा आहे, कॅरममध्ये मला हरवतो. कायद्यात गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही परवानगी, आठवड्यांची मर्यादाच नाही. बाकी कारणांना मर्यादा आणि व्यंगाला नाही, याचा अर्थ आम्ही काय घ्यायचा? मी गर्भपाताच्या विरोधात नाही. बायकोला नको असेल तर कुठल्याही कारणाने नको असू दे. पण 'असं मूल' म्हणून वेगळा दरवाजा उघडा ठेवला की पोटात तुटतं.

काळा_कोट
@सायन_कोळीवाडा, याला माझ्याकडे वकिली उत्तर नाही. इतिहास सांगतो. २००८ मध्ये निकेता मेहता मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. गर्भाच्या हृदयात दोष, तोपर्यंत २० ची मर्यादा उलटून गेलेली. अर्ज फेटाळला गेला. तिथून मर्यादा वाढवण्याची मागणी देशभर पोचली. अडचण खरी आहे, कारण व्यंग दाखवणारी सोनोग्राफीच १८-२० आठवड्यांना होते. २०२१ ला २४ केले, पण सगळ्यांना नाही. बलात्कारपीडित, अल्पवयीन, मध्येच वैधव्य वा घटस्फोट आलेल्या, दिव्यांग वगैरे, तेही दोन डॉक्टरांच्या मताने. त्यापुढे, बाईचा जीव वाचवायचा प्रसंग सोडला तर, फक्त व्यंग, आणि ते मेडिकल बोर्ड ठरवणार. अविवाहितांना त्या यादीतून वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं.

पण मूळ रचना बघा. या कायद्याने बाईला हक्क दिलेला नाही, डॉक्टरला संरक्षण दिलंय. अटीत बसलं तर गुन्हा नाही, एवढंच. नाहीतर पूर्वीच्या दंडविधानातलं कलम ३१२, आताच्या न्याय संहितेतलं ८८, आहेच. म्हणून अमक्याला २० आणि तमक्याला २४ ही वाटणी.

सायन_कोळीवाडा
उत्तर नाही म्हणालात, तेच आवडलं.

दादरची_सून
@सायन_कोळीवाडा, तुमचं दुःख कळतं. पण २२ व्या आठवड्याला ज्या बाईच्या हातात तो रिपोर्ट पडतो, तिच्यामागे तुमच्यासारखा भाऊ उभा असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती एकटी असते आणि शाळा, डॉक्टर, थेरपी सगळं तिच्याच डोक्यावर.

डॉक्टरीण_बाई
दोघांचंही खरं आहे. २२ व्या आठवड्याचा गर्भपात सोपा नसतो. भरती व्हावं लागतं, दर काही तासांनी गोळ्या, बाळंतपणासारख्याच कळा. नर्सेसनाही जड जातं, एकीने माझ्याकडे ड्युटी बदलून मागितली होती. दिली. जिला करायचं नाही तिच्याकडून करवून घेऊ नये. मात्र आलेल्या पेशंटला दुसरीकडे पाठवायची व्यवस्था व्हायला हवी. तुझं तू बघ, म्हणून दार लावायचं नाही.

कांदाबटाटा
बापाचं मत शून्य का? समजा नवऱ्याला हवंय आणि बायकोला नकोय. त्याने काय करायचं?

काळा_कोट
बोलायचं. पटवायचं. नाही पटलं तर गप्प बसायचं. कायद्याने एवढंच.

कांदाबटाटा
म्हणजे रोजचंच.

संपादक मंडळ
औषध 'घरपोच मिळवून देतो' म्हणणारा एक प्रतिसाद उडवला आहे. पुन्हा आल्यास आयडी गोठवू. श्री. साठे यांनी मैना यांच्या खरडवहीत जाऊन लिहू नये, जे असेल ते इथे.

मुलुंडची_मैना
अपडेट. काळा_कोट यांनी सांगितलेलं लक्षात ठेवून दुसरीकडे फोन करून आधीच विचारलं, "फॉर्म सी देता का, आणि सही कुणाची?" म्हणाल्या, पेशंटची, आधार कार्ड आणा. जाऊन आलो. काय केलं ते वहिनीने इथे लिहू नको म्हणून सांगितलंय. पापडी_वसई, तुमचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला, राग आला नाही म्हणाली. आईला अजून माहीत नाही. एकच राहिलं, वहिनीचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे. इंजेक्शनबद्दल काहीतरी बोलल्या, घाईत नीट कळलं नाही.

डॉक्टरीण_बाई
अँटी-डी. आई निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या गरोदरपणात त्रास होऊ नये म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १२ आठवड्यांच्या आत गरज नाही असं म्हटलंय, आपल्याकडे बरेच जण अजून देतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घ्या, ७२ तासांत.

आणि आता पुढचं बघा. तांबी लगेच बसवता येते. किंवा दादा बोटीवरून उतरले की त्यांची बिनटाक्याची नसबंदी. पंधरा-वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी हिंडू-फिरू शकतात.

काळा_कोट
आणि तिला बायकोची सही लागत नाही. सरकारी नियमातच तसं आहे.

कांदाबटाटा
हे घरी सांगू नका कुणी.

मुलुंडची_मैना
दादाला लिंक पाठवली. त्याने विचारलंय की त्यानंतर लगेच निर्धास्त का?

डॉक्टरीण_बाई
नाही. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. तीन महिने निरोध, मग वीर्यतपासणी, रिपोर्ट कोरा आला की मग.